गणनेपलीकडचे संवर्धन : बारामती-इंदापूरच्या माळरानावरील चिंकारा व लांडगा यांच्या संदर्भात एक जनुकशास्त्रीय चिकित्सा

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. ऊस, साखर कारखाने, द्राक्ष-डाळिंबाच्या बागा आणि अलीकडची औद्योगिक वसाहत ही या तालुक्यांची आजची ओळख आहे. या बागायती ओळखीखाली एक जुनी ओळख दडलेली आहे, ती म्हणजे मुरमाड जमिनीवरील गवताळ माळरानाची. या माळरानावर चिंकारा, लांडगा, खोकड व तरस हे प्राणी धनगरांच्या मेंढ्यांच्या सान्निध्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. बारामती तालुक्यातील सुपे येथे १९९७ मध्ये मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ अवघे ५.१४ चौरस किलोमीटर असून चिंकारा हे त्याचे प्रमुख आकर्षण आहे. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथील वनक्षेत्रेही गवताळ प्रदेशातील वन्यजीवांसाठी परिचित असून, २०२४ मध्ये वनविभागाने तेथे पर्यटकांसाठी गवताळ प्रदेश सफारी सुरू केली.

अशा लहान क्षेत्रांतील संवर्धनाचे यश मोजण्याची रूढ पद्धत गणनेची आहे. महाराष्ट्रात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून प्राण्यांची नोंद घेण्याचा प्रघात सर्वपरिचित आहे. गेल्या वर्षी इतके चिंकारा दिसले, यंदा तितके दिसले. संख्या वाढली तर संवर्धन यशस्वी आणि घटली तर अयशस्वी, असा सरळ निष्कर्ष त्यातून काढला जातो. हा निष्कर्ष कितपत ग्राह्य आहे, याची जनुकशास्त्राच्या आधारे चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्याबरोबरच लहान प्राणिसमूहांविषयीच्या जनुकशास्त्रीय विचारसरणीवर घेतले गेलेले आक्षेप आणि पुणे परिसरातील लांडगा-कुत्रा संकरासंबंधीचा २०२३ चा अभ्यास यांचाही येथे परामर्श घेतला आहे.

१. मोजलेली संख्या आणि परिणामकारक संख्या

गणनेत प्रत्येक प्राण्याला एक हा सारखाच अंक मिळतो. आनुवंशिकतेच्या हिशेबात तसे होत नाही. जो प्राणी प्रजननात भाग घेत नाही, त्याची जनुके पुढील पिढीत पोहोचत नाहीत. म्हणून जनुकशास्त्रात ‘परिणामकारक संख्या’ ही संकल्पना वापरली जाते. अमेरिकन शास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी १९३० च्या दशकात ती मांडली. एखाद्या समूहात प्रत्यक्षात कितीही प्राणी असोत, त्याची जनुकीय विविधता ज्या वेगाने घटते त्याच वेगाने ज्या आदर्श समूहाची विविधता घटेल, त्या आदर्श समूहाची संख्या म्हणजे परिणामकारक संख्या होय.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखाद्या कुरणात १०० चिंकारा मोजले गेले, असे समजू. त्यांपैकी प्रजननक्षम माद्या ६० आहेत. परंतु नर आपापले क्षेत्र राखत असल्यामुळे प्रत्यक्षात ६ नरांनाच मीलनाची संधी मिळते. नर व माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार चौपट करून त्याला त्यांच्या बेरजेने भागले असता परिणामकारक संख्या मिळते. येथे ती सुमारे २२ येते. गणनेच्या तक्त्यात १०० असा आकडा झळकत असताना आनुवंशिकदृष्ट्या तो समूह २२ प्राण्यांइतकाच असतो. लांडग्यांच्या बाबतीत ही तफावत वेगळ्या कारणाने निर्माण होते. लांडग्यांच्या कळपात सामान्यतः एकच जोडी पिल्ले देते, इतर सदस्य शिकारीला व पिल्लांच्या संगोपनाला हातभार लावतात. म्हणजे ४० लांडगे ८ कळपांत विभागलेले असतील तर प्रजननात भाग घेणारे लांडगे सुमारे १६ ठरतात.

या संख्येचे महत्त्व तिच्या परिणामात आहे. समूह बंदिस्त असेल तर एका पिढीत नष्ट होणाऱ्या विविधतेचे प्रमाण परिणामकारक संख्येच्या दुपटीने एकाला भागले असता मिळते. परिणामकारक संख्या २२ असेल तर दर पिढीला सव्वादोन टक्के विविधता कमी होते आणि दहा पिढ्यांत सुमारे एक पंचमांश विविधता लोप पावते. ती १६ असेल तर दहा पिढ्यांत एक चतुर्थांशाहून अधिक विविधता नष्ट होते. लांडगा किंवा चिंकारा यांच्या दहा पिढ्या माणसाच्या एका कर्त्या आयुष्यात सहज बसतात. एखादा वनरक्षक सेवेत रुजू झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत दरवर्षी १०० हाच आकडा नोंदवत राहील, आणि त्याच काळात त्या समूहाचे आनुवंशिक भांडवल मात्र मुकाट्याने झिजत जाईल.

ही झीज दोन प्रकारे होते. पहिला प्रकार जनुकीय विचलनाचा. लहान समूहात कोणते जनुकरूप टिकेल आणि कोणते लोपेल हे गुणावगुणांपेक्षा योगायोगावर अधिक अवलंबून राहते. ओडिशातील सिमिलीपाल व्याघ्र प्रकल्पातील रुंद, काळसर पट्ट्यांचे वाघ हे याचे उत्तम उदाहरण आहे. बंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये या रंगामागील उत्परिवर्तन शोधून काढले. इतरत्र अत्यंत दुर्मीळ असलेले हे जनुकरूप सिमिलीपालच्या अलग पडलेल्या समूहात मोठ्या प्रमाणात आढळले. पर्यटकाला तो चमत्कार वाटतो. अभ्यासकाला त्यात एका समूहाचे एकाकीपण दिसते.

दुसरा प्रकार अंतःप्रजननाचा. नात्यातील प्राण्यांच्या मीलनामुळे एरवी सुप्त राहणारी अपायकारक जनुके आई व वडील या दोघांकडून एकाच पिल्लात येतात. परिणामी पिल्लांची मरतूक वाढते, प्रजननक्षमता घटते आणि रोगप्रतिकारशक्ती दुबळी होते. यावर असा युक्तिवाद केला जातो की, अशी जनुके प्रकट झाल्यावर नैसर्गिक निवडीने ती नष्टही होतात, म्हणजे समूह आपोआप शुद्ध होतो. रणथंबोर येथील वाघांच्या जीनोमवरील २०२१ च्या अभ्यासाने या युक्तिवादाची मर्यादा दाखवून दिली. तेथील समूहातून तीव्र अपायकारक उत्परिवर्तने काही अंशी गळून गेली आहेत, हे खरे. परंतु जी उरली ती अधिक वाघांत आणि दोन्ही पालकांकडून आलेल्या स्वरूपात साठलेली आहेत. शुद्धीकरणावर विसंबून राहणे हे संवर्धनाचे धोरण होऊ शकत नाही.

२. बेटावरील समूहांचे अनुभव

अलग पडलेल्या समूहाचे पुढे काय होते याचे दीर्घकालीन पुरावे परदेशांत उपलब्ध आहेत. अमेरिकेतील सुपीरियर सरोवरातील आयल रॉयल या बेटावर १९४० च्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून काही लांडगे पोहोचले. १९८० मध्ये त्यांची संख्या ५० झाली होती. दोनच वर्षांत ती १४ वर आली. कुत्र्यांमध्ये आढळणारा पार्व्हो विषाणू बेटावर पोहोचल्यामुळे हे घडले. १९९७ मध्ये बर्फावरून आणखी एक नर बेटावर आला. त्याच्यामुळे समूहाला काही काळ उभारी मिळाली. पण त्याचीच संतती इतकी फोफावली की पुढे सर्व लांडगे एकमेकांचे जवळचे नातलग झाले. त्यांच्या मणक्यांत जन्मजात विकृती आढळू लागल्या. २०१६ पर्यंत तेथे केवळ दोन लांडगे उरले, तेही बाप व लेक. अखेर २०१८ व २०१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणून सोडावे लागले.

या बेटावर शिकारी नव्हता, नांगर नव्हता, महामार्ग नव्हता. राष्ट्रीय उद्यानाचे पूर्ण संरक्षण होते आणि लांडग्यांची दरवर्षी काटेकोर गणनाही होत होती. तरीही समूह संपला. एखादे क्षेत्र उत्तम प्रकारे राखले म्हणजे त्यातील प्राणी टिकतील, हा समज किती अपुरा आहे हे या एका उदाहरणावरून लक्षात येते.

उलट बाजूचा दाखला फ्लोरिडातील प्यूमा या मार्जारवर्गीय प्राण्याचा आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी ते २० ते ३० इतकेच उरले होते आणि त्यांच्यात हृदयाचे दोष व वृषणदोष आढळत होते. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून तेथे सोडण्यात आल्या. त्यांपैकी पाच माद्यांना पिल्ले झाली. पुढील काळात दोषांचे प्रमाण घटले आणि संख्या कित्येक पटींनी वाढली. स्वीडन-नॉर्वेमधील लांडग्यांचा समूह १९८० च्या दशकात एका जोडीपासून सुरू झाला व कुंठित राहिला. १९९१ च्या सुमारास एकच नवा नर येऊन मिळाल्यावर तो वाढू लागला. दर पिढीला बाहेरून आलेला एखाद-दुसरा प्राणीसुद्धा समूहाला तारू शकतो, असा या अनुभवांचा मथितार्थ आहे. मात्र त्याला यायला वाट हवी.

३. एका महत्त्वाच्या आक्षेपाचा विचार

जनुकशास्त्राला संवर्धनाच्या केंद्रस्थानी आणणे योग्य आहे काय, असा प्रश्न अभ्यासकांनी गंभीरपणे उपस्थित केला आहे. रसेल लांडे यांनी १९८८ मध्ये असे मत मांडले की, लहान समूहांच्या बाबतीत जन्म-मृत्यूचे गणित हे जनुकांपेक्षा अधिक तातडीचे असते. ग्रॅमी कॉगली यांनी १९९४ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात संवर्धनजीवशास्त्रातील दोन विचारधारा वेगळ्या केल्या. पहिली विचारधारा समूह लहान असण्याच्या परिणामांचा अभ्यास करते. दुसरी समूह मुळात का घटला याचा शोध घेते. पहिलीकडे सुबक सिद्धांत आहे, पण प्रत्यक्ष उपाय थोडे. दुसरीकडे सिद्धांत तोकडा आहे, पण प्राणी वाचवण्याचा अनुभव आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा आक्षेप बारामती-इंदापूरला लावून पाहिला तर त्याचे वजन जाणवते. भरधाव वाहनाखाली सापडलेल्या लांडग्याचा जीव विषमयुग्मजतेअभावी जात नाही. माळ नांगरला गेला तर चिंकाराला जनुकीय विविधतेचा काहीच उपयोग नसतो. म्हणून अधिवासाच्या ऱ्हासाकडे डोळेझाक करून प्रयोगशाळेतील विश्लेषणातच रममाण होणारे संवर्धन निष्फळ ठरेल, हे मान्य करावे लागते.

तथापि या मांडणीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २००४ मध्ये स्पिलमन, ब्रुक व फ्रँकहॅम यांनी संकटग्रस्त प्रजाती आणि त्यांच्या निकटच्या सुस्थितीतील प्रजाती यांची तुलना केली. बहुसंख्य संकटग्रस्त प्रजातींमध्ये विविधता आधीच घटलेली होती. म्हणजे जनुकीय दुर्बलता यायच्या आतच प्रजाती नष्ट होतात, हे गृहीतक त्यांना टिकणारे वाटले नाही. कॉगली यांचे वर्गीकरण विचारासाठी उपयुक्त असले तरी माळरानावर ही दोन कारणे स्वतंत्रपणे वावरत नाहीत. जो कालवा चिंकाराचे कुरण बागायतीखाली आणतो, तोच उरलेल्या दोन कुरणांमधील वाटही तोडतो. जो कुत्रा पाडसाचा पाठलाग करतो, तोच लांडग्याला रोग देतो आणि त्याच्याशी संकरही करतो. समूह घटवणारे कारण आणि लहान समूहाला पोखरणारे कारण येथे एकच आहे. प्रस्तुत विवेचनाचा हा मध्यवर्ती मुद्दा आहे.

४. बेट कसे निर्माण झाले

इंदापूर तालुक्याची भौगोलिक रचना या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा. दोन्ही नद्या तालुक्याच्या आग्नेय टोकाला नीरा-नरसिंहपूर येथे एकत्र येतात. म्हणजे हा प्रदेश दोन नद्यांच्या बेचक्यात सापडलेली एक पाचर आहे. उन्हाळ्यात रोडावणारी नदी वन्यप्राण्याला ओलांडता येते. परंतु १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याने भीमेच्या पात्राचे मोठ्या भागात विस्तीर्ण जलाशयात रूपांतर केले. पलीकडे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा आणि अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील कर्जत हे तालुके आहेत. तेथेही असेच माळरान आहे. मात्र चिंकाराच्या दृष्टीने ते दूर गेले. उजनीने हजारो पाणपक्ष्यांना आसरा दिला हे खरेच आहे. पण ज्या पाण्याने रोहितपक्षी आणले, त्याच पाण्याने गवतावरील प्राण्यांची एक दिशा बंद केली.

उरली पश्चिम दिशा, म्हणजे बारामती, दौंड व पुरंदरकडील माळांची. या बाजूस १८८५ च्या सुमारास सुरू झालेला नीरा डावा कालवा आहे. त्याच्या लाभक्षेत्रात उसाचा सलग पट्टा तयार झाला. पुढे उत्तरेकडून खडकवासल्याचा कालवा इंदापूरपर्यंत आला आणि जिरायती पट्ट्यासाठी जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजना झाली. पुणे-सोलापूर महामार्ग रुंदावला. यांतील प्रत्येक गोष्टीने येथील दुष्काळी शेतकऱ्याच्या जीवनात पाणी व पैसा आणला, हे नाकारण्याचे कारण नाही. पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडलेल्या माणसाला माळ राखण्याचा उपदेश करणे सोपे असते. परंतु या विकासाचा एकत्रित परिणाम असा झाला की, एकेकाळी सलग असलेले माळरान तुकड्यांत विभागले गेले. मयूरेश्वर, शिर्सुफळ, कडबनवाडी ही नावे आज नकाशावर स्वतंत्र ठिपक्यांसारखी दिसतात. ठिपक्यांच्या मधले गायरान, पडीक रान व मेंढरांच्या वाटा हीच त्यांना जोडणारी दोरी आहे.

या दोरीला शासकीय परिभाषेत मानाचे स्थान नाही. २००० पासून प्रसिद्ध होत आलेल्या देशाच्या पडीक जमीन नकाशासंग्रहात झुडपी व खुल्या गवताळ जमिनीचा मोठा हिस्सा ‘पडीक’ या सदरात मोडतो. जमीन एकदा पडीक ठरली की तिचा काहीतरी ‘उपयोग’ करणे हे कर्तव्य ठरते. मग तेथे वृक्षलागवड होते, सौर प्रकल्प येतो किंवा औद्योगिक भूखंड पडतात. गवताच्या माळावर झाडे लावणे हेही पर्यावरणाचे कार्य मानले जाते. खुल्या रानात धावून जीव वाचवणाऱ्या चिंकाराच्या आणि दूरवर नजर टाकून भक्ष्य हेरणाऱ्या लांडग्याच्या दृष्टीने मात्र तो अधिवासाचा नाशच असतो.

शेजारच्या नान्नजचा अनुभव येथे लक्षात घेतला पाहिजे. १९७९ मध्ये घोषित झालेले माळढोक अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होते. नंतर ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आटवण्यात आले. माळढोकाच्या जनुकीय विविधतेचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास ती अत्यंत कमी असल्याचे दाखवतो. आज नान्नजला माळढोकाचे दर्शन जवळजवळ इतिहासजमा झाले आहे. तेथे आधी माळ तुटला आणि मग पक्षी गेला. आरंभी अवाढव्य आणि नंतर आटवलेली अशी दोन्ही क्षेत्रफळे त्याला वाचवू शकली नाहीत.

५. लांडगा-कुत्रा संकराचा अभ्यास : एक मूल्यमापन

भारतीय द्वीपकल्पातील लांडगा हा जगातील लांडग्यांच्या सर्वांत प्राचीन वंशशाखांपैकी एक आहे, हे २००४ मधील मायटोकॉन्ड्रियल अभ्यासाने आणि २०२१ मधील जीनोम अभ्यासाने दाखवून दिले आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात प्रौढ लांडग्यांची संख्या तीन हजारांहून थोडीच अधिक आहे, म्हणजे भारतातील वाघांच्या संख्येच्या जवळपास. वाघाला लाभलेले प्रकल्प, निधी व प्रसिद्धी यांपैकी लांडग्याच्या वाट्याला फारसे काही आले नाही. त्याचा वावर बहुतांशी अभयारण्यांबाहेर, मेंढपाळांच्या शेजारी आहे.

या पार्श्वभूमीवर अभिनव त्यागी, मिहीर गोडबोले, अबी तमीम वनक व उमा रामकृष्णन यांचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा ठरतो. पुणे परिसरातील माळरानावर नेहमीच्या लांडग्यापेक्षा वेगळ्या रंगरूपाचे प्राणी निसर्गनिरीक्षकांच्या नजरेस आले. त्या नोंदींच्या आधारे नमुने मिळवून जीनोमचे विश्लेषण करण्यात आले आणि भारतीय माळरानावरील लांडगा-कुत्रा संकराचा पहिला जनुकीय पुरावा हाती आला. या अभ्यासाचे पहिले बलस्थान त्याच्या प्रारंभबिंदूत आहे. प्रश्न माळावर नियमितपणे फिरणाऱ्या नागरिकांनी उपस्थित केला आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेने दिले. दुसरे बलस्थान पद्धतीचे आहे. रंगावरून संकर ओळखणे बेभरवशाचे असते. जीनोमचे वाचन ते अनुमान पुराव्याच्या पातळीवर नेते.

या अभ्यासाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नोंदवल्या पाहिजेत. मोजक्या प्राण्यांच्या नमुन्यांवरून संकर होतो हे सिद्ध होते. तो किती प्रमाणात होतो हे सिद्ध होत नाही. अस्तित्वाचा पुरावा आणि व्याप्तीचा पुरावा या दोन भिन्न गोष्टी आहेत. सार्वजनिक चर्चेत हा भेद सहज पुसला जातो आणि दोन टोकाचे अर्थ पुढे येतात. एक अर्थ असा की, लांडगे आता ‘भेसळ’ झाले, त्यामुळे त्यांच्या संरक्षणात फारसा अर्थ उरला नाही. दुसरा असा की, वेगळा दिसणारा प्रत्येक प्राणी तातडीने नष्ट करावा. हे दोन्ही अर्थ अभ्यासाच्या पुराव्याबाहेर जातात.

येथे एक शंका वाजवी आहे. फ्लोरिडात बाहेरची जनुके आल्याने समूह तरला, मग कुत्र्याची जनुके लांडग्याला का तारणार नाहीत? याचे उत्तर जनुकांच्या उगमात आहे. टेक्सासचा प्यूमा हा वन्य परिस्थितीतच घडलेला, त्याच प्रजातीचा प्राणी होता आणि मानवी हस्तक्षेपापूर्वी या दोन प्रदेशांतील प्यूमांचा परस्परसंबंध होता. कुत्र्याची जनुके हजारो वर्षांच्या माणसाळण्यातून निवडली गेली आहेत. माणसाची भीती न बाळगणे हा कुत्र्याचा गुण आहे. लांडग्यात तोच गुण त्याचा काळ ठरू शकतो. शिवाय भटक्या कुत्र्यांची संख्या इतकी प्रचंड आहे की, हा प्रवाह एकदा वाढला तर लहान समूहाची स्वतंत्र ओळख त्यात विरघळून जाईल.

परंतु अधिक मूलभूत प्रश्न संकर का होतो हा आहे. सुस्थितीतील कळपाचा लांडगा कुत्र्याला सामान्यतः प्रतिस्पर्धी किंवा भक्ष्य मानतो. कळप मोडला, जोडीदार मेला, किंवा जन्मकळप सोडून निघालेल्या तरुण लांडग्याला दूरवर स्वजातीय जोडीदारच मिळाला नाही, तर कुत्र्याशी मीलनाची शक्यता वाढते. त्यातच मेलेल्या कोंबड्या व कत्तलीचे टाकाऊ अवशेष जेथे उघड्यावर टाकले जातात, तेथे लांडगा व कुत्रा एकाच उकिरड्यावर येतात. या अर्थाने संकर हे मूळ दुखण्याचे लक्षण आहे. मूळ दुखणे तुटलेल्या माळाचे आहे. लक्षणावरच सगळा उपचार केंद्रित केला तर दुखणे तसेच राहील.

याच उकिरड्यावर रोगाचीही देवाणघेवाण होते. २०१८ मध्ये गीरमध्ये अल्पावधीत २३ सिंह दगावले, त्यामागे कुत्र्यांमधील डिस्टेंपर या विषाणूचा मोठा वाटा होता. एकाच समूहात प्रजातीचे सारे भवितव्य एकवटले की एक साथ पुरेशी ठरते, हा त्याचा धडा आहे.

६. व्यवस्थापनाच्या दृष्टीची फेरतपासणी

वरील विवेचनाच्या प्रकाशात प्रचलित व्यवस्थापनाच्या तीन गृहीतकांवर प्रश्नचिन्ह उभे राहते. पहिले गृहीतक संख्येचे. पाणवठ्यावरील गणना लोकसहभागासाठी मोलाची आहे. मात्र तिच्या तक्त्यात समूह इतरांशी जोडलेला आहे की नाही यासाठी रकाना नसतो. दुसरे गृहीतक कुंपणाचे. ५.१४ चौरस किलोमीटर क्षेत्रात चिंकाराला अभय मिळते, पण लांडग्याच्या एका कळपाचे क्षेत्रसुद्धा त्यात मावत नाही. कुंपण जितके भक्कम तितके संरक्षण चांगले, ही समजूत लहान अभयारण्याला आयल रॉयल बनवते. तिसरे गृहीतक उचलून नेण्याचे. समूह दुबळा झाल्यावर बाहेरून प्राणी आणता येतील, असे म्हटले जाते. तो शेवटचा उपाय म्हणून मान्य करता येईल. परंतु चिंकारासारखा बुजरा प्राणी पकडण्याच्या धसक्यानेही दगावू शकतो. जी वाट राखल्याने प्राणी आपल्या पायांनी येतील, ती मोडून नंतर पिंजऱ्यातून प्राणी आणणे हे खर्चीक व जोखमीचे आहे.

पर्यायी दिशा फारशी गूढ नाही. कालव्यावर ठरावीक अंतरावर गवत-मातीने आच्छादलेले रुंद ओलांडमार्ग, माळाजवळच्या गावांत कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण, मृत कोंबड्यांची बंदिस्त विल्हेवाट, मेंढपाळाला लांडग्याने मारलेल्या मेंढीची वेळेवर भरपाई आणि गायरानावर वृक्षलागवडीऐवजी गवताचे व्यवस्थापन हे उपाय एकाच वेळी संख्या आणि जनुके या दोहोंच्या बाजूने काम करतात. यांतील भरपाईचा उपाय केवळ दयेचा नाही. लांडग्याचा वावर ज्याच्या कळपाभोवती आहे तो मेंढपाळ या संवर्धनातील सर्वांत मोठा भागधारक आहे. त्याची चराईची वाट आणि लांडग्याची वाट बहुधा एकच असते; एक बंद झाली की दुसरीही होते.

महाविद्यालयीन अध्यापकांनाही येथे वाव आहे. प्राण्याला न पकडता केवळ त्याच्या विष्ठेतील डीएनएवरून व्यक्ती, लिंग व नातेसंबंध ओळखण्याचे तंत्र आता सुस्थापित आहे. वनविभागाची परवानगी घेऊन प्राणिशास्त्र विभागाने नमुने गोळा करावेत, भूगोल विभागाने भूवापराचे नकाशे करावेत, अर्थशास्त्र विभागाने चराई व भरपाईचा हिशेब मांडावा, आणि हैदराबाद किंवा बंगळुरूसारख्या ठिकाणच्या सुसज्ज प्रयोगशाळांशी सहकार्य करून विश्लेषण करावे, असा बहुविद्याशाखीय प्रकल्प तालुक्याच्या पातळीवर अशक्य नाही. मयूरेश्वर व कडबनवाडी येथील चिंकारा आजही एकमेकांचे सोयरे होतात की काय, या एका प्रश्नाचे उत्तर दहा वर्षांच्या गणनेपेक्षा अधिक सांगून जाईल.

समारोप

लहान समूहाचे संकट आवाज करून येत नाही. आकडा स्थिर राहतो, पर्यटकांना प्राणी दिसत राहतात आणि विविधता मात्र पिढीगणिक झिरपून जाते. जनुकशास्त्राने संवर्धनाला ही न दिसणारी झीज मोजण्याचे साधन दिले, हे त्याचे श्रेय आहे. त्याच वेळी प्रयोगशाळेतील निष्कर्ष माळावरील नांगर, कालवा, उकिरडा व कुत्रा यांच्याशी जोडले नाहीत तर ते केवळ शोकवार्ता ठरतील, हा कॉगली यांच्या आक्षेपातील अर्थ विसरता येत नाही.

बारामती-इंदापूरच्या संदर्भात या दोन्ही विचारांचा मेळ एकाच ठिकाणी बसतो, तो म्हणजे दोन कुरणांमधील अनामिक जमिनीवर. तिला अभयारण्याची पाटी नाही, सफारीचे तिकीट नाही आणि महसुली दप्तरात फारशी प्रतिष्ठाही नाही. तरीही एखादा तरुण लांडगा ज्या रात्री आपला जन्मकळप सोडून निघतो, त्या रात्री त्याच्या वंशाचे भवितव्य याच जमिनीवर ठरते. त्याला पलीकडे स्वजातीय जोडीदार मिळावा इतकी ती मोकळी ठेवणे हाच या प्रदेशातील संवर्धनाच्या यशाचा खरा निकष मानला पाहिजे.